नकटीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात

आमच्या मुलीला दोन टोपणनावं होती. एक घरचं, नकटी. दुसरं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या स्पॅनिश बाईंनी ठेवलेलं, चाता. पहिलं ऐकलं की ती चिडायची, दुसरं ऐकलं की खुलायची. दोन्हींचा अर्थ एकच आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि आम्ही जेवत होतो.

नकटी हे नाव माझ्या आईचं. मुलगी सांगलीला जन्मली. आईने तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "नाक कुठं ठेवून आलीस गं नकटे?" त्यात माया होती, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तसंच म्हणत तिने तिची दृष्टही काढली होती. पण टोपणनाव एकदा घराबाहेर पडलं की त्यातली माया किती उरते आणि टोचणी किती, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. माझ्या थोरल्या बहिणीने ते उचललं तेव्हा त्यात टोचणी जास्त होती. त्याला कारण होतं. माझ्या बायकोचं नाकही तसंच आहे, बसकं. पण बायको पडली सून, तिला तोंडावर नकटी म्हणायची सोय नव्हती. मुलीला म्हटलं की एका शब्दात दोघींना लागायचं.

नकट्या मुलीच्या लग्नाविषयी मराठीत एक म्हण आहे. ती मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असणार, आणि आमच्या मुलीला ती पाचव्या वर्षीच पाठ झाली होती.

मी सौदीत, अल-खोबरला एका बांधकाम कंपनीत एस्टिमेशनमध्ये आहे. नकाशा बघायचा आणि किती सिमेंट, किती लोखंड, किती माणसं लागतील ते काढायचं, हे माझं काम. बहीण दम्मामला असते, दाजी तिथल्या खासगी इस्पितळात डॉक्टर. अर्ध्या तासाचं अंतर, त्यामुळे शुक्रवारचं जेवण एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे, असा वर्षानुवर्षांचा रिवाज.

स्पॅनिश जोडपं आमच्या इमारतीत आलं तेव्हा मुलगी दहावीत होती. नवरा एका प्रकल्पावर इंजिनिअर, बाई घरी. मूल नव्हतं. पहिल्याच आठवड्यात बाईंना लिफ्टमध्ये आमची मुलगी भेटली. दप्तराच्या ओझ्याने वाकलेली, घामेजलेली. बाईंनी हसून तिच्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "होला, चाता."

मुलीने विचारलं, याचा अर्थ काय? बाई म्हणाल्या, आवडत्या मुलीला आमच्याकडे असं म्हणतात. हे खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

तेव्हापासून ती वर जायला लागली. बाई बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट करायच्या, केकसारखं कापून द्यायच्या. मुलगी त्यांच्याकडून थोडं स्पॅनिश शिकली. घरी यायची ती गुणगुणत. तिच्या आईने एकदा मला सांगितलं, "वर गेली की ही आरशासमोरून सरळ चालत जाते. खाली आली की तोंड फिरवते." मी असल्या गोष्टी पाहत नाही. बायको पाहते.

मग मुलीने ते नाव शाळेत नेलं. चित्रांखाली सही म्हणून इंग्रजीत लिहायला लागली. इंग्रजीत 'त' आणि 'ट' यांना एकच अक्षर. इंडियन स्कूलमधल्या हिंदी बोलणाऱ्या पोरींनी ते 'चाटा' असं वाचलं. झालं. ती वर्गात शिरली की मागून सूर यायचा, "किसने चाटा? किसको चाटा?" कुणीतरी तिच्या डब्यावर जीभ काढलेलं कुत्रं काढून ठेवलं. तिच्या आईला हे कळलं तेव्हा ती शाळेत जाऊन भांडायला निघाली होती. मुलीने थांबवलं. म्हणाली, "जाऊ दे ना आई. दे डोन्ट नो स्पॅनिश."

वर्षभर तिने ते सोसलं, कारण अर्थ आपल्याला ठाऊक आहे आणि त्यांना नाही, एवढा आधार तिला होता.

त्या शुक्रवारी जेवण आमच्याकडे होतं. भरली वांगी, मसालेभात, ताक. ताई आणि दाजी आलेले. अर्धं जेवण झालं आणि बेल वाजली. मुलगी उठली. दारात वरच्या बाई, हातात झाकलेली ताटली. आत पाहुणे दिसल्यावर त्या थांबल्या नाहीत, नुसतं "पारा ती, चाता" म्हणून ताटली देऊन गेल्या.

"काय म्हणाली गं ती तुला?" ताईने विचारलं.

"तुझ्यासाठी, असं म्हणाली."

"ते नाही. शेवटी काय म्हणाली?"

"चाता. ते माझं नाव आहे, आत्या. त्यांनी ठेवलंय. स्पॅनिश आहे. म्हणजे डार्लिंगसारखं."

"अगो बाई! आमची नकटी डार्लिंग झाली?" ताईने डाव्या हाताने फोन ओढला. "थांब, बघू तरी गूगल काय म्हणतंय. कसं लिहायचं? सी एच ए... टी ए..."

"जेव ना आधी," दाजी म्हणाले.

"जेवतेच आहे." तिने फोन लांब धरला, डोळे बारीक केले, आणि तिचा चेहरा उजळला. नवी साडी अंगावर घेतल्यावर उजळावा तसा. "अय्यो! फ्लॅट-नोज्ड! स्नब-नोज्ड वुमन!" तिने फोन माझ्यासमोर नाचवला. "वाच, वाच तूच! अरे, नकटी! स्पॅनिशमध्ये नकटीच म्हणतात रे हिला!"

ती इतकी हसली की ठसका लागला. दाजींनी पाणी दिलं. पाणी पिऊनही हसत राहिली. "एवढी स्पेनहून बाई आली, आणि तिलाही पहिल्यांदा नाकच दिसलं!"

बायको उठून ताक आणायला आत गेली. ताक टेबलावरच होतं.

"ताई, पुरे," मी म्हणालो.

"अरे, मी कुठे म्हणतेय? स्पेन म्हणतंय!"

मुलगी जेवत होती. तिने घास संपवला, ताटातलं वांगं संपवलं, ताट उचलून आत नेलं. मग बाईंनी दिलेली ताटली घेतली आणि ऑम्लेट कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. ताटली धुतली, पुसली, आणि बाहेर जाऊन वरच्या दारासमोर ठेवून आली. बेल वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि ती खाली रोटी आणायला निघालो. लिफ्ट वरून आली, आत बाई होत्या. "होला, चाता," त्या म्हणाल्या, नेहमीच्याच आवाजात.

मुलगी इंग्रजीत म्हणाली, "मला तसं म्हणू नका. मी अर्थ बघितलाय."

बाईंना आधी समजलंच नाही. मग समजलं आणि त्या घाईघाईने बोलू लागल्या. हे मायेचं नाव आहे, आमच्याकडे नवरा बायकोला म्हणतो, आई मुलीला म्हणते, नाकाचा काही संबंध नसतो. "माझी आई मलाही चाता म्हणायची. बघ ना!" आणि त्यांनी स्वतःच्या नाकाला हात लावला. बाईंचं नाक आमच्या इमारतीत सगळ्यांत लांब होतं.

"मग तुमच्या आईला दिसत नसेल," मुलगी म्हणाली. "किंवा ती तुमची टर उडवत असेल आणि ते तुम्हाला कधी कळलं नसेल."

बाईंची आई वारून वर्षही झालं नव्हतं. मुलीला ते माहीत होतं. त्या स्पेनला गेल्या तेव्हा त्यांच्या झाडांना हिनेच पाणी घातलं होतं. लिफ्ट तळमजल्यावर थांबली, दार उघडलं. समोर हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, पाण्याच्या बाटल्यांची गाडी घेऊन उभा होता. "ओके," बाई म्हणाल्या, आणि त्या बाटल्यांना वळसा घालून बाहेर पडल्या. मी मुलीला रस्त्यात सुनावलं. ती म्हणाली, "आत्याला का नाही सुनावलंत?" त्यावर मी रोटीच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

त्याच आठवड्यात तिने मागणी केली. बारावीची परीक्षा संपली की कॉलेजसाठी पुण्याला जायचं होतं. त्याआधी तिला नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं. खोबरला असे दवाखाने बरेच आहेत आणि ती त्यांतल्या एकाशी बोलूनही आली होती. अठरा पूर्ण नव्हती, म्हणून माझी सही लागणार होती. सही केली तर नवं नाक घेऊन पुण्याला जाणार, नाही केली तर कुठेच जाणार नाही, असं तिने मला सांगितलं. आवाज न चढवता, पण यात तडजोड नाही हे कळेल अशा स्वरात.

मी मुदत मागितली. कुठल्याही कामाची माहिती पुरी हाती आल्याशिवाय मी आकडा देत नाही. आणि इथे सगळं एका शब्दावरून सुरू झालं होतं, तेव्हा तो शब्द तरी नीट तपासावा असं मला वाटलं. मी वर गेलो. मुलीच्या वतीने माफी मागितली. बाईंनी ती ऐकली, पण चाताबद्दल त्या काही बोलेनात. त्यांचा नवरा बोलला. चातो म्हणजे बसका, चपटा. त्याचं स्त्रीलिंग चाता. वाइनचा बुटका ग्लास असतो, त्यालाही चातो म्हणतात. आणि बाई कशीही दिसो, प्रेमाने तिला चाता म्हणायची रीत स्पेनमध्ये जुनी आहे. मूळचा उपहास वापरून वापरून गुळगुळीत झाला, असं तो म्हणाला.

मग पुढचं मी स्वतः वाचून काढलं. भाषेचे अभ्यासक हा शब्द ग्रीकमधल्या 'प्लातुस'पर्यंत मागे नेतात. प्लातुस म्हणजे रुंद, सपाट. तिथून तो बोलीभाषेतल्या लॅटिनमध्ये आला. त्याच घराण्यातून इंग्रजीतली प्लेट आली आणि स्पॅनिशमधला प्लाझा, म्हणजे गावातला मोकळा चौक. एका बाजूच्या बोलीत सुरुवातीच्या 'प्ल'चा 'च' झाला आणि चातो तयार झाला. इथपर्यंत मी नुसता वाचत होतो. पुढच्या ओळीला खुर्चीतून उठलो. त्या ग्रीक शब्दाचा संस्कृतमधला सख्खा भाऊ म्हणजे पृथु, रुंद. त्याचं स्त्रीलिंग पृथ्वी.

मला वाटलं, हे काम झालं. इतकं भक्कम काहीतरी हाताला लागेल अशी माझीच अपेक्षा नव्हती. मी तिला बोलावून बसवलं आणि पायरी पायरीने सगळं सांगितलं. चाता, चातो, प्लेट, प्लाझा, प्लातुस, पृथु. शेवटी म्हणालो, "म्हणजे मुळात जाऊन बघितलं तर चाता आणि पृथ्वी एकच."

तिने ऐकून घेतलं. "म्हणजे बाबा, मी नुसती नकटी नाही. अख्ख्या जगाएवढी नकटी."

"तसं नव्हे गं..."

"आणि तो वाइनचा ग्लास? दारूच्या तसल्या बाटलीला आपल्याकडे काय म्हणतात? चपटी! आत्याला हे सांगू नका हं. पुढच्या शुक्रवारी मला चपटी म्हणेल."

ती हसली. अगदी ताईसारखी हसली. मग माझ्या टेबलाच्या खणातून व्हर्निअर काढून घेऊन आली. लोखंडी सळीची जाडी मोजायचं माझं जुनं व्हर्निअर. स्वयंपाकघरात जाऊन तिने आईला गॅसजवळून ओढलं, दिव्याखाली उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि तिच्या नाकाची उंची मोजली. मग आरशात बघून स्वतःच्या नाकाची.

"अर्ध्या मिलिमीटरचा फरक," तिने जाहीर केलं. "तोही आईचंच कमी. मग आईला का नाही कुणी नकटी म्हणत?"

"म्हणतात की," बायको म्हणाली. "माझ्यापुढे नाही म्हणत."

मग ती माझ्याकडे वळली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण ती हे बोलल्याचं मला आठवत नाही. "माझी आई मला न्हाऊ घालताना तेलाच्या बोटांनी नाक चिमटीत धरून ओढायची. बाळपणी नव्हे, चांगली मोठी झाले तरी. डोळ्यांत पाणी यायचं. म्हणायची, सोस, लग्नात कामाला येईल. काही वाढलं नाही. तुमच्या ताईंनी मला बघून गेल्यावर काय निरोप पाठवला होता ठाऊक आहे? मुलगी चांगली आहे, नाकाचं काय, फोटो समोरून काढू." तिने गॅस बारीक केला. "सही करा."

दवाखाना कॉर्निशच्या, समुद्रकाठच्या रस्त्याच्या, बाजूला होता. सर्जन तरुण, गुळगुळीत दाढी केलेला, इंग्रजी उत्तम. त्याने समजावलं की बसक्या नाकात कापायचं काही नसतं, उलट भर घालायची असते. कानामागची कूर्चा, म्हणजे तिथलं लवचीक हाड, काढून ती नाकाच्या दांड्यावर बसवतात. काही आठवडे सूज, मग हळूहळू नाक आकाराला येतं. त्याने मुलीचे समोरून आणि बाजूने फोटो काढले, संगणकावर चढवले आणि माऊसने नाकाची रेघ वर ओढत नेली. नंतर कसं दिसेल ते दाखवायला पडदा आमच्याकडे वळवला.

पडद्यावर माझी बहीण होती.

तिच्या तरुणपणीची, मी लहान असताना मला सायकलवरून शाळेत सोडणारी. कपाळ तेच, हनुवटी तीच, जिवणी तीच. आमच्या घराचा हा सगळा सांगाडा मुलीच्या चेहऱ्यात आधीपासून होता. बसक्या नाकाने तो झाकून ठेवला होता. बायकोने माझ्या मनगटावर हात ठेवला. तिलाही दिसलं होतं.

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. "ही तर आत्या," ती म्हणाली.

सर्जनला मराठी कळत नव्हतं. त्याला वाटलं तिला आवडलं. "ब्यूटिफुल, नो?"

"बघ बाळा," मी म्हणालो, "अजून विचार कर. आपण उठून जाऊ शकतो. खलास म्हणायचं आणि जायचं."

"कशाला?" ती म्हणाली. "आत्यासारखी दिसेन ना? चालेल. आत्याला कुणी हसत नाही."

मी सही केली.

ऑपरेशन ठीक झालं. आठवडाभर नाकावर पट्टी, डोळ्यांखाली निळंजांभळं, तोंडाने श्वास. ती कुरकुरली नाही. दुखतंय का विचारलं की अंगठा वर करायची. पट्टी निघाली त्या दिवशी सूज होती तरी दांडा दिसत होता, सरळ, कपाळापासून खाली उतरणारा. तिने आरशात बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. नंतर दिवाणखान्यातल्या आरशासमोरून गेली ती मान न फिरवता गेली, असं बायकोने मला सांगितलं.

शुक्रवारी ताई आली. एकटीच, दाजींची ड्यूटी होती. गाजराचा हलवा करून आणला होता, आणि दारातूनच तिचा आवाज सुरू झाला, "कुठाय? कुठाय आमची नकटी? बघू तरी!"

मुलगी खोलीतून बाहेर आली. ताईने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला, या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला. तिचे डोळे खरंच भरून आले. "अगदी आमच्या घरातली दिसतेस गं. आता कुठे दिसतेस." मग बायकोकडे वळून, "हो की नाही?" बायको हलव्याचा डबा उघडत होती. झाकण घट्ट बसलं होतं.

"ये गं नकटे, बस माझ्याजवळ. हलवा खाता येतो ना?"

"आत्या," मुलगी म्हणाली. सुजेने आवाज अजून बसलेला होता. "आता मी नकटी नाहीये."

"अगं हो, पण तोंडात बसलंय ना! सतरा वर्षांची सवय. नाक बदललं म्हणून नाव बदलतं का कुठं?" ताईला हे फार विनोदी वाटलं. "तिकडे सांगलीलासुद्धा आई विचारत होती, नकटीचं नकटेपण गेलं का म्हणून. नकटीच म्हणाली हो! आता तू पुण्याला जाशील, नवरा करशील, पोरं होतील, तरी आम्ही नकटीच म्हणणार. लाडाचं नाव आहे ते!"

मुलीने बशीतला हलवा संपवला. मग उठली, चप्पल घातली आणि दार उघडून बाहेर गेली. लिफ्टचा आवाज आला नाही, म्हणजे जिन्याने गेली होती, वर.

ताईने विचारलं, कुठे गेली? मी म्हणालो, माहीत नाही. पण मला माहीत होतं. लिफ्टमधल्या त्या संध्याकाळनंतर ती एकदाही वर गेली नव्हती.

ती फार वेळ थांबली नाही. ताईने हलव्याची दुसरी वाटी वाढून घेईपर्यंत परतलीही. दार लावून, पाठीने त्याला टेकून उभी राहिली.

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"छान दिसतंय म्हणाल्या. व्हेरी एलिगंट म्हणाल्या. कॉफी घेणार का विचारलं."

"मग?"

"मला नावाने हाक मारली." तिने तिचं शाळेतलं पूर्ण नाव घेतलं, बाईंनी घेतलं असेल तसं, एकेक अक्षर सुटं. "मी म्हटलं, तुम्ही पूर्वीसारखं म्हटलंत तरी चालेल. त्या म्हणाल्या, नाही, नाही, तू सांगितलं होतंस ना, मी लक्षात ठेवलंय. सॉरी पण म्हणाल्या."

"बरंच झालं की," ताई म्हणाली. "उगाच कुणीही येऊन आपल्या पोरीला नकटी म्हणायचं म्हणजे काय?"

"हो," मुलगी म्हणाली. "बरंच झालं." आणि खोलीत जाऊन पुण्याला न्यायची बॅग भरू लागली. जायला अजून तीन आठवडे होते.